मामा, या वेळी विमान नको

प्रश्न : माझ्या बहिणीची मुलगी आता अकरा वर्षांची आहे. तिला विमानांचं वेड मीच लावलं. अडीच-तीन वर्षांची असताना विमानाचा आवाज आला की हातातलं टाकून ती गॅलरीत धावायची आणि विमान दिसेनासं होईपर्यंत हात हलवत राहायची. सहाव्या वर्षी इंजिनं मोजून विमान ओळखायची. 'मी पायलट होणार' हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, आणि आम्हीही 'ही आमची पायलट' अशीच तिची ओळख करून द्यायचो. दर वाढदिवसाला मी तिला एक विमान देत आलो. आधी चाकांची, मग चावीची, अलीकडे हुबेहूब दिसणारी धातूची मॉडेलं. तिच्या खोलीत त्यांच्यासाठी वेगळं शेल्फ आहे.

गेल्या वर्षभरात सगळं बदललं. शेल्फवर धूळ असते. डोक्यावरून विमान गेलं तरी ती मान वर करत नाही. बॅडमिंटन, मैत्रिणी आणि मोबाइल, एवढंच तिचं जग झालंय. परवा मी वाढदिवसाचा विषय काढला तर हळू आवाजात म्हणाली, "मामा, या वेळी विमान नको." बहीण म्हणते, मनाला लावून घेऊ नकोस. पण वाईट वाटलं हे खरं. हल्लीच्या मुलांना आकाशाचं काही वाटेनासंच झालंय का? हा मोबाइलचा परिणाम आहे का? तिची आवड परत आणण्यासाठी मी काय करू? रिमोटचं विमान किंवा ड्रोन दिला तर?

उत्तर : तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. विमान हा तुम्हा दोघांचा खास विषय होता आणि तोच तिने बाजूला ठेवला. पण तिने ते कसं सांगितलं बघा. तुम्ही काही विकत आणण्याआधी, तुमच्यासमोर, हळू आवाजात. या वयाची बरीच मुलं नको असलेली भेट हसून घेतात आणि कपाटात टाकतात. तिने तसं केलं नाही. मामाला खरं सांगितलेलं चालतं, एवढा तिचा तुमच्यावर भरवसा आहे. तो आधी जपा. म्हणून या वाढदिवसाला विमान देऊ नका. रिमोटचं नको, ड्रोन नको, 'हे बघ, हे अगदी वेगळं आहे' असं म्हणून दुसऱ्या रूपात तर मुळीच नको. आपण नको म्हटलं की ते ऐकलं जातं, हा अनुभव मुलीला आधी घरच्या माणसांकडून यायला हवा.

आता आवड गेली का, या प्रश्नाकडे येते.

१८७८ मध्ये अमेरिकेतले एक धर्मोपदेशक प्रवासाहून परतले ते मुलांसाठी एक खेळणं घेऊन. बूच, बांबू आणि कागदाचं, रबरबँडच्या पिळावर चालणारं. त्यांनी ते हातात लपवून आणलं आणि मुलांच्या दिशेने सोडून दिलं. खाली पडण्याऐवजी ते थेट छताला जाऊन धडकलं, तिथे थोडं फडफडलं आणि मग जमिनीवर आलं. थोरला विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा होता, म्हणजे तुमच्या भाचीच्याच वयाचा, आणि धाकटा ऑर्व्हिल सात वर्षांचा. राइट बंधूंची ही गोष्ट इथपर्यंत सगळ्यांनी ऐकलेली असते. पुढचा भाग मात्र फारसं कोणी सांगत नाही, आणि तुमच्या पत्राचं उत्तर त्या पुढच्या भागात आहे.

ते नाजूक खेळणं लवकरच मोडलं. काही वर्षांनी दोघा भावांनी तसंच खेळणं स्वतः बनवायला घेतलं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडं मोठं. पण जितकं मोठं करावं तितकं ते कमी उडायचं. लांबी-रुंदी दुप्पट केली की ताकद आठपट लागते, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. शेवटी कंटाळून त्यांनी तो नाद सोडला आणि ते पतंगांकडे वळले. पतंगात ते तरबेज होते, पण जरा मोठे झाल्यावर या वयात पतंग उडवणं शोभत नाही म्हणून तेही सोडलं. मी तर्क करत नाहीये, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यानंतर छापखाना झाला, १८९२ मध्ये सायकलचं दुकान झालं. उडण्याकडे त्यांचं लक्ष पुन्हा नीट वळलं ते १८९६ मध्ये, ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, घेऊन उडणारे जर्मनीचे ओटो लिलिएंथाल अपघातात गेल्याची बातमी आली तेव्हा. विल्बर त्या वेळी एकोणतीस वर्षांचा होता.

म्हणजे ज्यांनी जगाला विमान दिलं त्यांचीही बालपणीची आवड मध्ये कितीतरी वर्षं निजून होती. त्या वर्षांत कोणी त्यांच्यामागे 'अरे, ते उडवायचं काय झालं' म्हणून लागलं नाही. आणि ती वर्षं फुकटही गेली नाहीत. सायकल दुरुस्त करता करता जे हाताला कळलं ते कामाला आलं. १९०३ च्या त्यांच्या विमानात इंजिनाची ताकद पंख्यांपर्यंत नेण्यासाठी सायकलसारख्याच साखळ्या आणि दातेरी चाकं होती.

अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्टचं तर याहून पुढचं. सुमारे दहा वर्षांची असताना एका जत्रेत तिने पहिल्यांदा विमान पाहिलं, आणि तिला ते अजिबात आवडलं नाही. गंजक्या तारा आणि लाकडं, त्यात बघण्यासारखं काय आहे, असंच तिला वाटलं. १९२० मध्ये कोणीतरी दहा मिनिटं विमानातून फिरवून आणलं तेव्हा चित्र पालटलं, आणि १९३२ मध्ये तिने एकटीने अटलांटिक पार केला. जत्रेतल्या त्या दिवशी एखाद्या मामाने तिच्यावर 'हिला आकाशाचं काही वाटत नाही' असा शिक्का मारला असता तर तो किती खोटा ठरला असता!

याचा अर्थ तुमची भाची पुढे विमानांकडे वळेलच असा नाही. कदाचित नाहीही वळणार. पण अकराव्या वर्षी एखादी गोष्ट बाजूला पडणं म्हणजे ती मनातून पुसली जाणं नव्हे, एवढं मात्र नक्की.

तुमच्या पत्रात मला खरी टोचली ती दुसरीच गोष्ट. 'ही आमची पायलट.' चार वर्षांच्या मुलीला ते ऐकून उंच झाल्यासारखं वाटतं. अकराव्या वर्षी तेच शब्द ओझं होतात. पाहुण्यांसमोर कोणीतरी म्हणतं, "काय, पायलट व्हायचंय ना अजून?" आणि तिला हसून मान हलवावी लागते. हो म्हणावं तर खोटं वाटतं, नाही म्हणावं तर मामाला वाईट वाटेल. अशा वेळी मूल विमानापासून लांब जातं, कारण विमानाचं नाव काढलं की तो प्रश्न येणारच हे त्याला ठाऊक असतं. तुमच्या घरी नेमकं हेच घडलंय असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण शक्यता मोठी आहे. आजपासून तिला पायलट म्हणणं बंद करा. बहिणीला आणि भावोजींनाही सांगा. जाहीरपणे नको, फक्त ते संबोधन घरातून जाऊ द्या.

मोबाइलचं विचारलंत. थोडा परिणाम असेलही. पण सगळा दोष मोबाइलवर टाकला तर एक मोठी गोष्ट नजरेतून निसटते. विमानच मुलांपासून दूर गेलंय. तुमच्या-माझ्या लहानपणी विमानप्रवासात एखादा वैमानिक मुलांना कॉकपिटमध्ये बोलवायचा. ती असंख्य बटणं, काचेपलीकडचे ढग, हे एकदा पाहिलं की मूल आठवडाभर दुसरं काही बोलत नसे. सप्टेंबर २००१ मधल्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर ते दार मजबूत झालं आणि उड्डाणात कायमचं बंद झालं. त्याची कारणं रास्तच आहेत. पण मुलांच्या बाजूने पाहिलं तर विमानाचा सगळ्यात जादूचा कोपरा त्यांना दिसेनासा झाला. आत बसल्यावर समोरच्या सीटवर पडदा, खिडकी खाली ओढलेली. कितीतरी मुलं हजारो किलोमीटर उडून येतात आणि आपण उडालो हे त्यांना जाणवतही नाही.

बाहेरूनही गंमत कमी झालीय. तुमची भाची इंजिनं मोजून विमान ओळखायची म्हणता. आता मोजायला फारसं उरलं नाही. इंजिनं इतकी भरवशाची झाली की दोन इंजिनांवर महासागर ओलांडता येतात, मग चार कशाला? आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं कॉन्कॉर्ड २००३ मध्ये थांबलं. ए-३८० या दुमजली विमानाचं उत्पादन २०२१ मध्ये संपलं. कुबडाचं बोइंग ७४७, जे लहान मूलही लांबून ओळखायचं, त्यातलं शेवटचं २०२२ च्या डिसेंबरमध्ये कारखान्यातून बाहेर पडलं. आता वर बघावं तर बहुतेक विमानं एकाच घाटाची, आणि आवाजही पूर्वीपेक्षा मंद. एखादं विमान कुठून कुठे चाललंय हे अ‍ॅपवर लगेच कळतं, त्यामुळे 'हे कुठे जात असेल गं?' या प्रश्नाला जागाच राहिली नाही. मुलं मान वर करत नाहीत याला आकाशही थोडं जबाबदार आहे.

आणि आता त्या शेल्फबद्दल. तुम्ही प्रेमाने दिलेल्या वस्तूंविषयी बोलतेय याची जाणीव ठेवून सांगते. तीन वर्षांच्या मुलीच्या हातात दिलेलं चाकांचं विमान उडतं. ती ते धरून 'भुर्रर्र' करत घरभर फिरते, पलंगावर उतरवते, उशीवरून पुन्हा उडवते. अकरा वर्षांची मुलगी 'भुर्रर्र' करत नाही. तिच्या डोक्यात दुसरा प्रश्न आलेला असतो : हे उडतं कसं? नेमक्या त्याच वयात आपण तिला धातूचं हुबेहूब मॉडेल देतो, ज्याला हात लावताना सांभाळून लाव म्हणून सांगावं लागतं. एकास दोनशे प्रमाणातलं ते मॉडेल दिसायला देखणं असतं, खिडक्यासुद्धा मोजून घ्याव्यात असं. पण ते छतावरून सोडलं तर दगडासारखं खाली येईल. उडण्याबद्दल ते तिला काहीच सांगू शकत नाही. हे मॉडेल तुम्हाला आवडतं, कारण त्यात तुम्हाला खरं विमान आठवतं. तिला त्यात आठवण्यासारखं अजून काही नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे : तिला विमानं पुरे झाली, तिच्या हाताला उडणं लागू द्या. वाईट उडणारं, पडणारं, आपटणारं आणि तिचं तिलाच दुरुस्त करता येईल असं काहीतरी.

रिमोटचं विमान आणि ड्रोन मला यासाठीच आत्ता नको वाटतात. ड्रोन हवेत स्थिर राहतो तो त्यातल्या सेन्सर आणि कॉम्प्युटरच्या जोरावर. दर सेकंदाला कितीतरी वेळा ते तोल सावरत असतात. मुलाने बटणं सोडली तरी ड्रोन जागच्या जागी थांबतो. उडण्याचा अवघड भाग यंत्राने आधीच सोडवून टाकलेला असतो, मुलाच्या वाट्याला फक्त इकडून तिकडे नेणं उरतं. शिवाय ड्रोन कुठे उडवता येतो याचे नियम असतात, ते मोठ्यांनाच सांभाळावे लागतात. रिमोटच्या विमानाचं दुखणं वेगळं. ते पहिल्याच दिवशी आपटतं, मग मोठी माणसं डिंक आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसतात आणि मूल बाजूला उभं राहून बघत राहतं. ज्याच्या हाताने दुरुस्ती होते, विमान त्याचं होतं.

मग काय? कागद. हसू नका. जपानच्या ताकुओ तोदा यांनी २०१० मध्ये कागदाची घडी घालून केलेलं विमान २९.२ सेकंद हवेत ठेवलं होतं. राइट बंधूंचं १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण बारा सेकंदांचं होतं, सुमारे साडेछत्तीस मीटरचं.

पुढच्या वेळी बहिणीकडे जाल तेव्हा तिला बोलावू नका. 'चल, आपण विमान करू' असंही म्हणू नका. स्वतः टेबलाशी बसा, एक जरा जाडसर कागद घ्या आणि नेहमीचं टोकदार विमान घडी करा. घड्या नखाने दाबून धारदार करा. मग उभं राहून ते खांद्याच्या उंचीवरून सोडा. जोरात आणि वरच्या दिशेने फेकू नका, सगळे तेच करतात. नाक क्षितिजाच्या किंचित खाली ठेवून, पाण्यात होडी सोडावी तसं पुढे ढकला. जोरात फेकलं की उचल, म्हणजे हवेचा पंखांना वर ढकलणारा जोर, फार वाढते. वेग दुप्पट झाला तर उचल चौपट होते, आणि विमान वर उसळून कोलांटी घेतं.

आता ते तीनपैकी एक काहीतरी करेल, आणि खरी मजा इथून पुढे आहे. समजा, ते नाक वर करत गेलं, क्षणभर थबकलं आणि मग धपकन खाली आलं. त्याचं वजन मागे आहे. नाकापाशी एक पेपर क्लिप लावा. पुन्हा सोडा. आता कदाचित ते सरळ नाकावर आपटेल. मग क्लिप काढू नका. पंखांची मागची कड दोन्ही बाजूंनी केसभर वर वळवा. केसभर म्हणजे खरंच केसभर, कागद वाकला की नाही असं वाटेल इतकीच. पुन्हा सोडा. आता ते एका बाजूला वळतंय? विमान डोळ्यांसमोर धरा आणि समोरून, नाकाकडून बघा. एक पंख दुसऱ्यापेक्षा खाली झुकलेला किंवा पिळलेला दिसेल. तो सरळ करा. दोन्ही पंख मधल्या घडीपासून किंचित वर उचललेले राहू द्या, समोरून पसरट इंग्रजी 'व्ही' दिसेल असे. त्यामुळे विमान एका बाजूला कललं तरी आपोआप सावरतं. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा सोडून बघायचं. दोन बदल एकदम केले की कशाने काय झालं ते कळत नाही.

दहा-पंधरा वेळा हे केलंत की ते विमान एकदा असं जाईल की तुमच्याच तोंडून काहीतरी निघेल. खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत, जमिनीला समांतर, शेवटी अलगद टेकणारं. भाची शेजारी आली तर उत्तमच. तिने स्वतःचं केलं आणि ते आपटलं, तर हात मागे बांधून उभं राहा. सगळ्यात अवघड हेच आहे. तिच्या विमानाला क्लिप कुठे लावायची हे तुम्हाला दिसत असेल, पण ते तिला दिसू द्या. तिने विचारलंच तर उत्तर देण्याऐवजी विचारा, "पडताना नाक वर होतं की खाली?" बस, तेवढंच.

ती आलीच नाही, तर तुमचं विमान घडी करून पुस्तकात ठेवा आणि दुसऱ्या विषयावर गप्पा मारा. पुन्हा केव्हातरी.

विमान उडतं कसं, असा प्रश्न तिच्याकडून आलाच तर एक सावधगिरी. कितीतरी पुस्तकांत लिहिलेलं असतं की पंखाचा वरचा भाग फुगीर असल्यामुळे वरच्या हवेला जास्त अंतर जावं लागतं, खालच्या हवेला मागच्या टोकाशी गाठायचं म्हणून ती वेगाने जाते. हे चूक आहे. वरची हवा खरंच वेगाने जाते, पण खालच्या हवेला गाठण्याचं तिच्यावर कसलंही बंधन नाही, उलट ती आधीच पोचते. शिवाय तुमच्या कागदी विमानाचा पंख सपाटच आहे, तरी ते उडतं, आणि कसरतीची विमानं उलटी होऊनही उडतात. भाषणाऐवजी टेबल फॅन लावा आणि तिच्या हातात एक पुठ्ठा द्या. पुठ्ठा आडवा धरून पुढची कड जराशी उचलली की तो हाताला वर ओढतो, कारण तो हवेला खाली लोटत असतो. कड आणखी उचलत गेलं की एका क्षणी ओढ मंदावते आणि पुठ्ठा नुसता मागे रेटला जातो, थरथरू लागतो. मघाचं कागदी विमान नाक वर करून धपकन का पडलं, ते तिला त्या क्षणी मनगटात कळतं.

इथपर्यंत तिला रस वाटला तरच पुढची पायरी : रबरबँडच्या पिळावर उडणारं, हलक्या बाल्सा लाकडाचं किंवा पातळ फोमचं विमान. हा प्रकार जुना आहे. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या एका बागेत आल्फाँस पेनो या तरुणाने असं विमान लोकांसमोर उडवलं. ते अकरा सेकंदांत सुमारे चाळीस मीटर गेलं. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाशी ताडून बघा, आकडे जवळजवळ तेच, आणि हे त्यांच्या बत्तीस वर्षं आधीचं, एका खेळण्याचं. ऑर्व्हिल राइटचा जन्म त्याच्या दुसऱ्याच दिवशीचा. आणि त्यांच्या वडिलांनी आणलेलं ते छताला धडकणारं खेळणंही पेनोच्याच कल्पनेवरचं होतं. मला ही साखळी फार आवडते. आजही या छंदात मुरलेली माणसं दोन ग्रॅमच्या आतली रबरबँडवरची विमानं बंद सभागृहात अर्धा अर्धा तास उडवतात. त्यांचा प्रोपेलर इतक्या सावकाश फिरतो की फेऱ्या मोजता येतात. तिला याचा एखादा व्हिडिओ दाखवा, तिच्याच मोबाइलवर. मोबाइल या कामात तुमचा शत्रू नाही.

आता बॅडमिंटन. तुमच्या पत्रात तो शब्द तक्रारीच्या यादीत आलाय, हे मला खटकलं. तुमच्या भाचीच्या हातात रोज काय असतं ठाऊक आहे? सोळा पिसांचं, पाच ग्रॅमच्या आसपास वजनाचं एक उडतं यंत्र. शटल कसंही मारलं, उलटं मारलं तरी क्षणात गर्रकन फिरून बुचाचं टोक पुढे करतं, कारण वजन पुढे आणि पिसांचा अडसर मागे. तुमच्या कागदी विमानाच्या नाकावर लावलेली क्लिप हेच काम करते. पिसं पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखातली घेतात, म्हणून ती सगळी एकाच दिशेला झुकतात आणि शटल उडताना स्वतःभोवती फिरतं. स्मॅश मारल्यावर ते रॅकेटवरून प्रचंड वेगाने सुटतं आणि नेटपलीकडे पोचेपर्यंत बराचसा वेग गमावून बसतं. एक पीस तुटलं की ते कसं वेडंवाकडं जातं, हे ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. विचारा तिला. पण एक पथ्य पाळा. तिने शटलबद्दल सांगितलं की लगेच 'बघ, हे तर विमानासारखंच!' म्हणून गाडी आपल्या रुळावर आणू नका. तिचं ऐका. ती या खेळात जाणकार आहे आणि तुम्ही नवखे, ही अदलाबदल तुमच्या नात्याला आत्ता फार उपयोगी पडेल.

शेल्फवरच्या मॉडेलांचं काय करायचं ते तिला ठरवू द्या. 'तुझ्या खोलीत जागा कमी पडत असेल तर मी ही माझ्याकडे नेऊ का?' असं साधेपणाने विचारा, आवाजात नाराजी न आणता. एखादं ती ठेवून घेईल, बाकीची देईल. दिली तर आनंदाने न्या. ती तुम्हालाच जास्त शोभतील, कारण ही आवड मुळात तुमची आहे. हे मी मनापासून सांगतेय. पत्रभर तुम्ही तिच्या आवडीबद्दल लिहिलंय, पण गॅलरीतल्या विमानापासून इंजिनांच्या मोजणीपर्यंत सगळीकडे मला तुम्हीच दिसलात. इतकी वर्षं तुम्ही विमानं विकत घेतलीत आणि दुसऱ्याला दिलीत. स्वतःच्या हाताने काही उडवलंत का, ते पत्रात कुठेच नाही.

तेव्हा बाल्साचं एक साधं ग्लायडर स्वतःसाठी आणा. वाढदिवसाशी त्याचा संबंध नको. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, गवत असलेल्या मैदानावर जा. गवतामुळे नाक मोडत नाही. थोडा वारा असेलच तर त्याच्या तोंडावर सोडा, पाठीवर नको. आधी गुडघ्यावर बसून जवळच्या जवळ सोडून बघा, सरळ जातंय अशी खात्री झाली की उभं राहून. आणि वाढदिवसाला काय द्यायचं ते तिलाच विचारा. ती बहुधा रॅकेटची ग्रिप नाहीतर शटलचा डबा सांगेल. तोच द्या.